दोन साक्षीदार : १९३६ ची रिले शर्यत आणि दोन यहुदी धावपटू



१९३६ सालचे बर्लिन ऑलिंपिक म्हटले की आपणा भारतीयांना प्रथम आठवतात ते ध्यानचंद. त्या वर्षी १५ ऑगस्टला भारतीय हॉकी संघाने यजमान जर्मनीचा ८-१ असा पराभव केला. उरलेल्या जगाला आठवतात ते जेसी ओवेन्स, चार सुवर्णपदके जिंकणारे अमेरिकेचे कृष्णवर्णीय धावपटू. आज ज्या दोन तरुणांविषयी मी बोलणार आहे, त्यांची नावे मात्र त्या ऑलिंपिकच्या विजेत्यांच्या यादीत सापडणार नाहीत. ते हरले म्हणून नव्हे. त्यांना धावूच दिले गेले नाही म्हणून. त्यांची नावे मार्टी ग्लिकमन आणि सॅम स्टोलर. दोघेही अमेरिकन आणि दोघेही यहुदी.

तोरेने न्यायनिवाड्यासाठी एक नियम घालून दिला आहे. एकट्या साक्षीदाराच्या शब्दावर कोणाला दोषी ठरवू नये; दोन किंवा तीन साक्षीदारांच्या मुखाने गोष्ट शाबीत व्हावी. या प्रकरणात ज्यांच्यावर अन्याय झाला ते साक्षीदार दोनच आहेत, आणि त्या दोघांची साक्ष परस्परांशी जुळत नाही. म्हणूनच ही हकीकत नुसती हळहळ व्यक्त करून सोडून देण्याजोगी नाही. ती तपासून पाहावी लागते.

त्या काळी यहुदी तरुणाने जगज्जेता धावपटू होणे ही काही अपूर्व गोष्ट नव्हती. बारा वर्षांपूर्वी, १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये, इंग्लंडच्या हॅरॉल्ड अब्राहम्स यांनी १०० मीटरची शर्यत १०.६ सेकंदांत जिंकली होती. ते सुवर्णपदक मिळविणारे ते पहिलेच युरोपीय. त्याच स्पर्धेत ४ × १०० मीटर रिलेमध्ये त्यांच्या ब्रिटिश संघाने अमेरिकेच्या मागोमाग रौप्यपदक मिळविले. १९८१ च्या ‘चॅरियट्स ऑफ फायर’ या चित्रपटामुळे आपल्यापैकी अनेकांना त्यांचे नाव परिचित आहे. अब्राहम्स यांनाही यहुदी म्हणून टोमणे सोसावे लागले. पण शर्यतीच्या रेषेवर उभे राहण्यापासून त्यांना कोणी अडविले नाही. १९३६ मध्ये ते बर्लिनला होते, ते बीबीसीसाठी समालोचन करण्याकरिता.

ग्लिकमन यांचा जन्म १९१७ साली न्यूयॉर्क शहरात झाला. आईवडील रुमानियातून आलेले. ब्रुकलिनच्या गल्ल्यांत धावतधावत वाढलेला हा मुलगा पुढे सिरॅक्यूज विद्यापीठात गेला. स्टोलर हे त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठे, सिनसिनाटी येथे जन्मलेले व मिशिगन विद्यापीठाचे नावाजलेले धावपटू.

बर्लिनला जावे की न जावे, हा प्रश्न त्या काळी अमेरिकेतील यहुदी खेळाडूंपुढे उभा होता. सप्टेंबर १९३५ मध्ये न्युरेंबर्गच्या कायद्यांनी जर्मनीतील यहुद्यांचे नागरिकत्व हिरावून घेतले होते. अमेरिकेच्या हौशी खेळाडूंच्या संघटनेत बहिष्काराचा ठराव डिसेंबर १९३५ मध्ये आला आणि थोड्या मतांनी फेटाळला गेला. बहिष्काराला कडवा विरोध करणाऱ्यांत अग्रभागी होते अमेरिकन ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष एव्हरी ब्रंडेज. काही यहुदी खेळाडूंनी मात्र स्वतःपुरता निर्णय घेतला. ट्युलेन विद्यापीठाचे धावपटू हर्मन न्यूगास यांनी जाण्यास जाहीर नकार दिला. हार्वर्डचे मिल्टन ग्रीन व नॉर्मन काहनर्स हे निवड चाचणीपासूनच दूर राहिले. ग्लिकमन व स्टोलर गेले. न जाणाऱ्यांचा निर्णय मोठ्या त्यागाचा होता. परंतु जाणाऱ्यांचा चुकीचा होता असे म्हणण्याचा अधिकार मला वाटत नाही. यहुदी माणूस दुबळा असतो, या खोट्या समजुतीला धावून उत्तर देणे हाही एक मार्गच होता.

निवड चाचणी जुलै महिन्यात न्यूयॉर्कच्या रँडॉल्स आयलंडवर झाली. १०० मीटरमध्ये जेसी ओवेन्स, राल्फ मेटकाफ व फ्रँक वायकॉफ हे पहिले तिघे आले आणि त्यांची त्या शर्यतीसाठी निवड झाली. त्यांच्या मागोमाग आलेले फॉय ड्रेपर, ग्लिकमन आणि स्टोलर हे रिलेकरिता निवडले गेले. १५ जुलै रोजी ‘मॅनहॅटन’ नावाच्या जहाजाने संघ निघाला.

जहाज समुद्रात असताना जर्मनीत काय घडले ते पाहा. ग्रेटेल बर्गमन या जर्मन यहुदी तरुणीने जून महिन्यात उंच उडीत १.६० मीटर पार करून आपल्या देशाच्या विक्रमाशी बरोबरी केली होती. बहिष्काराची चळवळ थंडावावी म्हणून तिला संघाच्या सरावात ठेवले गेले होते. अमेरिकन संघाने किनारा सोडला आणि १६ जुलै तारखेचे पत्र तिला मिळाले : तुमची कामगिरी निवडीस पुरेशी नाही. बर्लिनच्या अंतिम स्पर्धेत तीनच स्त्रियांना १.६० मीटर साधले, आणि त्या तिघींना पदके मिळाली. सुवर्णपदक मिळविणारी हंगेरीची इबोया चाक हीदेखील यहुदीच होती.

या पत्राची भाषा लक्षात ठेवावी. त्यात यहुदी हा शब्द नव्हता. कामगिरी हा शब्द होता.

आता रिलेकडे वळू. ही शर्यत चार धावपटूंची. प्रत्येकाने १०० मीटर धावायचे आणि हातातील बॅटन पुढच्याच्या हाती द्यायची. वेगाइतकेच महत्त्व या देवघेवीला असते, आणि तिचा सराव लागतो. बर्लिनमध्ये हा सराव स्टोलर, ग्लिकमन, ड्रेपर व वायकॉफ या चौघांचा चालू होता. शर्यतीपूर्वी स्टोलर, ग्लिकमन व ड्रेपर यांना एकमेकांविरुद्ध धावविण्यात आले. स्टोलर पहिले, ग्लिकमन दुसरे व ड्रेपर तिसरे आले.

८ ऑगस्ट हा प्राथमिक फेरीचा दिवस. तो शब्बाथचा दिवस होता, आणि योगायोग असा की स्टोलर यांचा एकविसावा वाढदिवसही. त्या सकाळी मुख्य प्रशिक्षक लॉसन रॉबर्टसन व त्यांचे सहायक डीन क्रॉमवेल यांनी धावपटूंना एकत्र बोलावले. रॉबर्टसन म्हणाले की जर्मनांनी आपले उत्तम धावपटू लपवून ठेवले आहेत असे कानी आले आहे; म्हणून स्टोलर व ग्लिकमन यांच्या जागी ओवेन्स आणि मेटकाफ धावतील.

पुढची हकीकत ग्लिकमन यांनी आयुष्यभर अनेकदा सांगितली. ते अवघे अठरा वर्षांचे होते, तरी उठून बोलले : जागतिक दर्जाचा धावपटू लपविता येत नाही, कारण तो दर्जा येतो तो जाहीर स्पर्धांत धावूनच. संघातील दोनच यहुदी धावपटू आम्ही. आम्हालाच वगळले तर मायदेशी गदारोळ उठेल, असेही त्यांनी सांगितले. ओवेन्स यांच्या नावावर तोवर १०० मीटर, लांब उडी व २०० मीटर अशी तीन सुवर्णपदके जमा झाली होती. मी थकलो आहे, मला मिळायचे ते मिळाले, या दोघांना धावू द्या, असे ते म्हणाले. क्रॉमवेल यांनी त्यांना सांगितले की तुम्हाला जे सांगितले जाईल तेच तुम्ही करायचे. ज्या माणसाला स्वतःच्या देशात वर्णभेद सोसावा लागत होता, तो त्या खोलीत दोन यहुदी सहकाऱ्यांच्या बाजूने बोलला, याची आपण कृतज्ञतेने नोंद ठेवली पाहिजे.

दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, ओवेन्स, मेटकाफ, ड्रेपर व वायकॉफ यांनी ३९.८ सेकंदांचा जागतिक विक्रम केला. इटलीला ४१.१ व जर्मनीला ४१.२ सेकंद लागले. लपविलेले जर्मन धावपटू कोठेच दिसले नाहीत. ते दिसणारही नव्हते. काही दिवसांपूर्वीच १०० मीटरच्या अंतिम शर्यतीत जर्मनीचा सर्वोत्तम धावपटू पाचवा आला होता.

तर मग त्या दोघांना वगळले कशासाठी?

ग्लिकमन यांची साक्ष अशी की कारण यहुदीद्वेष हेच होते. कृष्णवर्णीय खेळाडूंच्या विजयांनी हिटलरची पुरेशी मानहानी झाली होती. त्यात दोन यहुदी विजयमंचावर उभे राहिले असते तर यजमानांना ते अधिकच झोंबले असते, आणि ब्रंडेज व क्रॉमवेल यांना ते टाळायचे होते. स्टोलर यांची साक्ष वेगळी. हा प्रसंग अत्यंत अपमानास्पद होता हे त्यांनी मान्य केले. पण कारण यहुदीद्वेष असे त्यांना वाटले नाही. ड्रेपर व वायकॉफ हे दोघेही क्रॉमवेल यांच्याच दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचे. प्रशिक्षकाने आपल्या शिष्यांना सांभाळून घेतले, एवढेच.

प्रामाणिकपणे पाहता दोन्ही बाजूंना आधार आहे. हिटलर वा गोबेल्स यांनी असा हुकूम दिल्याचा कागद इतिहासकारांना मिळालेला नाही. अमेरिकेच्या बास्केटबॉल संघातील सॅम बाल्टर हे यहुदी खेळाडू त्याच ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक घेऊन गेले. त्यांना कोणी अडविले नाही. ओवेन्स व मेटकाफ हे निश्चितच अधिक वेगवान होते, हेही खरे.

परंतु दुसऱ्या पारड्यातही पाहावे. अधिक वेगवान धावपटू घ्यायचे तर चाचणीत तिसरे आलेले ड्रेपर राहिले कसे, आणि पहिले आलेले स्टोलर गेले कसे? शिष्यप्रेमाने याचे अर्धे उत्तर मिळते. पण ज्या कारणाचा उच्चार झाला ते उघडउघड पोकळ होते, आणि त्याची किंमत संघातील नेमक्या दोन यहुदी धावपटूंनी मोजली. नंतर समितीच्या अधिकृत अहवालात ब्रंडेज यांनी धर्मामुळे वगळल्याची चर्चा हास्यास्पद ठरविली. तेच ब्रंडेज त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जर्मनांच्या मेळाव्यात नव्या जर्मनीची स्तुती करीत होते. माझ्या मते या दोन साक्षी एकमेकींना खोडीत नाहीत. शिष्यप्रेमाला संधी हवी होती, आणि ज्यांना दुखावले तरी यजमान रागावणार नव्हते अशा दोघांनी ती मिळवून दिली. द्वेषाला प्रत्येक वेळी हुकूम काढावा लागत नाही. कोणाचा हक्क डावलणे सोपे जाईल हे सर्वांना ठाऊक असले की पुरते.

पुढे काय झाले? पुन्हा कधी धावणार नाही असे स्टोलर यांनी उद्वेगाने जाहीर केले. पण ते परतले आणि १९३७ मध्ये अमेरिकेच्या विद्यापीठीय स्पर्धेत १०० यार्डांचे विजेते झाले. नंतर त्यांनी हॉलीवूडमध्ये गायन व अभिनय केला. १९८५ मध्ये ते निवर्तले. ग्लिकमन फुटबॉल खेळले, महायुद्धात मरीन दलात गेले, आणि मग न्यूयॉर्कचा आवाज बनले. निक्स या बास्केटबॉल संघाच्या व जायंट्स या फुटबॉल संघाच्या सामन्यांचे त्यांचे रेडिओ समालोचन ऐकत तेथे एक पिढी वाढली. ड्रेपर यांच्याविषयीही मनात कटुता नसावी; ते दुसऱ्या महायुद्धात नाझींविरुद्ध लढताना उत्तर आफ्रिकेत वैमानिक म्हणून कामी आले.

१९८५ मध्ये ओवेन्स यांच्या गौरवसमारंभासाठी ग्लिकमन पुन्हा बर्लिनच्या त्या स्टेडियममध्ये गेले. आपण हे सारे केव्हाच मागे टाकले आहे असे त्यांना वाटत होते. तेथे पाऊल टाकताच एकोणपन्नास वर्षे दाबून ठेवलेला संताप उसळून आला आणि ते स्वतःच चकित झाले. १९९६ मध्ये त्यांनी आपले आत्मचरित्र प्रसिद्ध केले.

१९९८ साली अमेरिकन ऑलिंपिक समितीने ग्लिकमन यांना, आणि मरणोत्तर स्टोलर यांना, जनरल डग्लस मॅकआर्थर यांच्या नावाचा खास पुरस्कार दिला. समितीचे तेव्हाचे अध्यक्ष विल्यम हिबल पूर्वी सरकारी वकील होते. लेखी पुरावा मिळाला नसला तरी पुरावे पारखण्याची आपल्याला सवय आहे आणि या प्रकरणात पुरावा होता, असा अभिप्राय त्यांनी दिला. बासष्ट वर्षांनी मिळालेली ही कबुली घ्यायला दोघांपैकी एकच हयात होता. ३ जानेवारी २००१ रोजी तेही गेले.

बंधुभगिनींनो, कोकणच्या किनाऱ्यावर शतकानुशतके आपल्या वाडवडिलांनी तेलाचे घाणे चालविले, शनिवार पाळला, आणि शेजाऱ्यांनी त्यांना त्यासाठी छळले नाही. असा द्वेष आपल्याला ऐकूनच ठाऊक आहे, ही परमेश्वराची कृपा. पण आपली मुले आता न्यूयॉर्कपासून अश्दोदपर्यंत पसरली आहेत. त्यांच्या वाट्याला कधी एखादे पत्र येईल, ज्यात फक्त कामगिरी पुरेशी नाही असे लिहिलेले असेल. कधी ते खरेही असेल. ते खरे की खोटे हे पारखण्याची, आणि खोटे असल्यास त्या अठरा वर्षांच्या मुलाप्रमाणे तेथल्या तेथे उठून बोलण्याची सवय त्यांना घरातून मिळाली पाहिजे. आणि दुसऱ्यावर असा प्रसंग आला तर आपण ओवेन्स यांच्यासारखे वागलो का, एवढे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.