आतल्या माणसाची साक्ष

परळच्या के.ई.एम. रुग्णालयात कमलाबाई निंबकरांनी १९५० साली ऑक्युपेशनल थेरपीची शाळा काढली. मी तिथली विद्यार्थिनी. खुर्ची किती उंच हवी, चमच्याची मूठ किती जाड हवी, आखडलेला हात कसा सैल करायचा, हे सगळं तिथे पक्कं झालं. बिअ‍ॅट्रिस राइट हे नाव मात्र मी कुवेतला आल्यावर वाचलं, सालमियातल्या एका मुलांच्या केंद्रात काम करताना. पुनर्वसन मानसशास्त्राचा पाया ज्यांनी घातला त्यांत या बाईंचं नाव फार वर आहे आणि आपल्याकडे ते फारसं कुणी घेत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

राइट यांचा जन्म १९१७चा, न्यूयॉर्कच्या स्टेटन बेटावरचा. ब्रुकलिन कॉलेजातून त्या आयोवा विद्यापीठात गेल्या, कुर्ट लेविन यांच्या हाताखाली. लेविन ज्यू, हिटलर सत्तेवर आल्यावर जर्मनी सोडून आलेले. माणसाचं वागणं एकट्या त्याच्यातून उगवत नाही, तो आणि त्याचा भोवताल मिळून ते घडवतात, हा त्यांचा सिद्धान्त. १९४२ साली राइट यांना डॉक्टरेट मिळाली तेव्हा दुसरं महायुद्ध चालू होतं आणि हातपाय गमावलेली तरुण मुलं आघाडीवरून परतत होती.

लेविन यांच्याच बर्लिनच्या विद्यार्थिनी तमारा डेम्बो यांनी स्टॅनफर्डमध्ये अशा जखमींच्या मुलाखती घेतल्या. त्या कामातून १९५६ साली डेम्बो, ग्लोरिया लेव्हिटन आणि राइट यांचा निबंध आला. अपंगत्व बाहेरून पाहणारा आणि ते अंगावर वागवणारा, या दोघांना दिसणारं चित्र एक नसतं, हे त्यात ठासून मांडलं होतं. मग साक्ष कुणाची धरायची? राइट आतल्या माणसाच्या बाजूने उभ्या राहिल्या आणि शंभर वर्षांचं आयुष्य संपेपर्यंत तिथून हलल्या नाहीत.

त्यांची स्वतःची वाटही सोपी नव्हती. नवरा ज्या विद्यापीठात, तिथे बायकोला नेमायचं नाही, हा नियम कॅन्ससमध्ये त्यांच्या आड आला. तीन मुलं, घर, हातात पदवी आणि नोकरी नाही. त्या काळात त्यांनी पुस्तक लिहिलं. शारीरिक अपंगत्वाकडे मानसशास्त्राच्या नजरेतून पाहणारं ते पुस्तक १९६० साली निघालं. विद्यापीठाने त्यांना प्राध्यापक केलं ते त्यानंतर.

त्या पुस्तकातली एक गोष्ट मी कुवेतमध्ये रोज पाहते. एक उणीव दिसली की पाहणारा ती सगळ्या माणसावर पसरवतो. पाय चालत नाहीत, म्हणजे डोकंही चालत नसणार. चाळिशीच्या, हिशेबात तरबेज असलेल्या एका गृहस्थांबरोबर मी एका सरकारी खिडकीवर गेले होते. ते व्हीलचेअरवर. खिडकीमागच्या माणसाने त्यांचं नाव, जन्मतारीख, पत्ता, सगळं मला विचारलं. ते शेजारी बसून उत्तरं देत होते आणि तो माझ्याकडेच बघत होता.

दुसरी गोष्ट आपल्या लोकांना अधिक लागू आहे. राइट म्हणतात, पाहणाऱ्याला समोरचा दुःखी असायला हवा असतो. ज्या चालण्याधावण्याला आपण एवढं मोल देतो, ते नसतानाही कुणी मजेत राहत असेल तर आपल्या मोलाचं काय, ही भीती असते. म्हणून तो दुःख नसेल तिथेही शोधून काढतो. नागपूरहून आलेली मावशी ‘कसं व्हायचं गं याचं पुढे?’ म्हणून डोळ्याला पदर लावते, तेव्हा सहा वर्षांचा भाचा खाली बसून गाड्यांची रांग लावण्यात गढलेला असतो. मावशीचं प्रेम खरं आहे, यात शंका नाही. पण त्या दुपारनंतर मुलगा आईच्या चेहऱ्याकडे बघायला लागतो, आणि ते मला पुसून काढायला फार वेळ लागतो.

राइट वर्गात एक प्रयोग करत. आपली सर्वांत मोठी अडचण चिठ्ठीवर लिहा. मग दुसऱ्याची चिठ्ठी शेजारी ठेवायची आणि विचारायचं, अदलाबदल कराल? बहुतेक जण आपलीच ठेवत. पालकांच्या बैठकीत मी हे करून पाहिलं. मल्याळी, मराठी, इजिप्शियन, सीरियन आया होत्या. एकीनेही चिठ्ठी बदलली नाही. ‘माझं मला माहीत आहे,’ एवढंच एक जण म्हणाली.

कुवेतचा या बाबतीतला इतिहास छोटा आहे, पण हलका नाही. अंध मुलांसाठी अल-नूर संस्था १९५५ साली उभी राहिली, म्हणजे स्वातंत्र्याच्या सहा वर्षं आधी, तेलाचा पैसा नुकता हातात येत असताना. अपंगांसाठी झटणारी सोसायटी १९७१ मध्ये स्थापन झाली. २ ऑगस्ट १९९०ला इराकी सैन्य घुसलं. सात महिन्यांनी देश सुटला तेव्हा वाळूत सुरुंग होते आणि घराघरांत झोप उडालेली माणसं. त्यांच्या मनाच्या उपचारासाठी अमीरांच्या दिवाणाने स्वतंत्र कार्यालय उघडलं. १९९४ साली समीरा अल-साद यांनी कुवेत ऑटिझम सेंटर सुरू केलं. त्यांची स्वतःची मुलगी स्वमग्न आहे. केंद्रामागे आईची नजर होती, म्हणून ते माझ्या लेखी या इतिहासातलं सर्वांत महत्त्वाचं पाऊल.

अपंगांसाठीचा कायदा १९९६ साली आला आणि २०१० मध्ये आठव्या क्रमांकाच्या कायद्याने तो अधिक भक्कम झाला; अपंगांसाठी स्वतंत्र प्राधिकरण झालं. पण तो कायदा मुख्यतः कुवेती नागरिकांचा आहे. कुवेती आई असलेल्या परदेशी मुलांना काही भाग लागू होतो. अब्बासिया, फहाहीलसारख्या वस्त्यांतली आमची परदेशी मुलं त्याच्या बाहेर. त्यांचे आईबाप उपचारांची फी पगारातून काढतात आणि पगार कमी पडला की मुलाला घेऊन आई गावी जाते. ही भोवतालाची उणीव आहे, मुलाची नाही, आणि ती तशी नोंदवली गेली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

नोंदवायची कशी, तेही राइट यांनी सांगितलंय. अहवालाचे चार भाग करा: माणसाच्या ताकदी, माणसाच्या अडचणी, भोवतालातले आधार, भोवतालातले अडथळे. माझ्या अहवालात आता हे चार चौकोन असतात. परवा एका आठ वर्षांच्या मुलाचा भरला. पहिल्यात: तीन भाषा बोलतो, गाणी पाठ, चिडला तरी लगेच शांत होतो. दुसऱ्यात: उजवा हात आखडतो, जिना चढता येत नाही. तिसऱ्यात: वरच्या मजल्यावरचा तमिळ दोस्त रोज संध्याकाळी येतो. चौथा चौकोन आईने सांगितला आणि तोच सगळ्यांत भरला. लिफ्ट पहिल्या पायरीच्या वर थांबते, शाळेची बस दारापर्यंत येत नाही, वर्गातली बाई त्याला कविता म्हणायला उभं करत नाही. लिफ्टसाठी इमारतीच्या हारिसशी, म्हणजे राखणदाराशी, रविवारी बोलायचं ठरलंय. बाईंना मी चिठ्ठी लिहिली आहे.