सिहधयचा खांब, आजीचं बाकडं आणि माझं कर्कटक

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं होतं की पुण्याजवळ एका दिवसात, घरच्यांना घेऊन, इतिहास बघता येईल अशी जागा कुठली? आजचा भाग त्यावरच. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा लिहिलेला अवतार. बोलताना अडखळलो ते काढलंय, बाकी तसंच ठेवलंय.

तर झालं असं. आजीला एकवीरेला जायचं होतं. आमची कुलस्वामिनी ती, आणि ओटी भरायची राहिली होती. भाच्याला लोणावळ्याचं वॅक्स म्युझियम बघायचं होतं, कारण त्याच्या वर्गातल्या कुणीतरी तिथं क्रिकेटपटूच्या पुतळ्यासोबत फोटो काढला होता. आणि मला कार्ल्याचं चैत्यगृह नीट बघायचं होतं. गंमत म्हणजे एकवीरेचं देऊळ चैत्यगृहाच्या अगदी दारात आहे. म्हणजे आजीचं आणि माझं काम एकाच पायऱ्यांवर. रविवारी सकाळी गाडी काढली. आई, बाबा, ताई, भाचा, आजी आणि मी.

पहिला थांबा देहूरोड. जुन्या मुंबई-पुणे हायवेनं जाताना हे गाव आपण नेहमी मागे टाकतो. पण इथल्या बुद्धविहारात २५ डिसेंबर १९५४ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली. मूर्ती रंगूनहून, म्हणजे ब्रह्मदेशातून आणलेली. तारीख लक्षात ठेवा. नागपूरचं धम्मदीक्षेचं वर्ष आपल्याला पाठ असतं, १४ ऑक्टोबर १९५६. देहूरोड त्याच्या जवळजवळ दोन वर्षं आधीचं. म्हणजे दीक्षा घ्यायच्या आधीच मूर्ती बसली होती. आपल्या रोजच्या लोकलच्या स्टेशनाशेजारी एवढी मोठी गोष्ट घडली आणि मी त्याच लोकलनं चार वर्षं कॉलेजला गेलो, एकदाही उतरलो नाही. हे मी स्वतःलाच ऐकवतोय.

आजी आत येऊन शांत बसली. तिनं हात जोडले. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाली, "इथं कसं, घंटासुद्धा वाजवावी लागत नाही."

तिथून तासाभराच्या आत कार्ला. पायऱ्या चढताना दोन्ही बाजूंना हार, नारळ, खण, पेढे, लिंबू सरबत. आजी दर वीस पायऱ्यांनी थांबायची आणि भाचा दर वेळी "आजून किती?" विचारायचा. वर पोचलो. आधी देवीचं दर्शन. ओटी भरली. मग मी म्हटलं, "आजी, आता इकडे चल. हे माझं देऊळ."

"हे पांडवांनी बांधलं ना? एका रात्रीत?" आजीनं विचारलं.

महाराष्ट्रात कुठल्याही लेण्यात जा, हे वाक्य ऐकू येतंच. पूर्वी मी लगेच वाद घालायचो. आता समजतं की त्यामागचं आश्चर्य खरं आहे. डोंगर पोखरून सुमारे १२४ फूट लांब, ४५ फूट रुंद आणि साधारण तेवढाच उंच हॉल काढलाय. वरून खाली खोदत आणायचं, आणि एकदा जास्त छिन्नी मारली की परत चिकटवता येत नाही. 'अनडू' नाही. सदतीस खांब, त्यातले दोन्ही बाजूंचे पंधरा-पंधरा कोरीव, वर हत्ती आणि त्यांच्यावर बसलेल्या जोड्या. शेवटी स्तूप, आणि स्तूपावर लाकडाची छत्री. छताला लाकडाच्या कमानी. हे लाकूड त्या काळातलं, साधारण दोन हजार वर्षांचं.

आता एक प्रश्न. दगडाच्या छताला लाकडी कमानींची गरज काय? काहीच नाही. छत डोंगराचंच आहे, ते पडणार नव्हतं. पण त्याआधीची मोठी सभागृहं लाकडाची असायची, आणि लोकांच्या डोळ्यांना तशीच सवय होती. म्हणून दगडातही लाकडाचा घाट ठेवला. आपण अजून 'सेव्ह'साठी फ्लॉपीचं चित्र वापरतो ना, तसंच. फ्लॉपी कुणी बघितली नाही, पण चित्र बदललं तर गोंधळ होईल.

मग मी आजीला खांबावरची अक्षरं दाखवली. बारीक, ब्राह्मी लिपीतली. मी म्हटलं, "पांडवांनी नाही आजी. ज्यांनी पैसे दिले त्यांनी नावं लिहून ठेवलीत."

कोण आहेत ही माणसं? इथं मी सगळ्यात जास्त रमतो. दाराबाहेर उभा आहे तो सिंहस्तंभ महारथी अग्निमित्रणक या गोतीपुत्राचं दान. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल सांगतो की हे शैलगृह, जंबुद्वीपातलं सर्वोत्तम, त्यानं पूर्ण करवलं. दोन हजार वर्षांपूर्वीची फाइव्ह स्टार रेटिंग, आणि तीही स्वतःच स्वतःला दिलेली. पण बाकीची मंडळी अशी मोठी नाहीत. धेनुकाकट नावाच्या गावचा एक गंधिक, म्हणजे अत्तरं-सुगंधी विकणारा. त्याच गावचा सामी नावाचा सुतार. सोपाऱ्याहून, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याहून आलेला एक भिक्षू. आणि बरेच यवन. यवन म्हणजे मूळचे ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेले लोक. त्यातल्या एकाचं नाव सिहधय. एक खांब त्याचा.

विचार करा. समुद्रापलीकडून आलेल्या घराण्यातला माणूस मावळात येतो, इथल्या भाषेतलं नाव लावतो आणि डोंगरातल्या एका खांबाचे पैसे भरतो. का? कारण हा डोंगर एकाकी नव्हताच. कोकणातल्या बंदरांतून माल घाट चढून वर यायचा आणि या भागातून देशावर जायचा. कार्ला, भाजे, बेडसे, कोंडाणे ही लेणी त्याच वाटांना धरून आहेत. व्यापाऱ्याला मुक्काम, पाणी, ओळखीपाळखी लागायच्या, आणि भिक्षूंना पावसाळ्यात एका जागी राहायला आसरा.

हे ज्यांनी पायी फिरून मांडलं ते दामोदर धर्मानंद कोसंबी. गोव्यात जन्म, १९०७ चा. पेशानं गणिती. पुण्यात राहायचे आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत नोकरीला डेक्कन क्वीननं जायचे. म्हणजे आपल्यासारखेच रोजचे अपडाउनवाले. धेनुकाकट कुठलं यावर त्यांनी लिहिलं, ते कार्ल्याच्या जवळपासच असणार असं त्यांचं म्हणणं होतं. आणि बौद्ध लेणी व देवीची ठाणी जुन्या वाटांच्या नाक्यांवर एकत्र का सापडतात, हा प्रश्नही त्यांनीच नीट विचारला. देवीच्या रांगेत उभं राहून उजवीकडे चैत्य दिसतो तेव्हा मला तो प्रश्न आठवतो. जागा तीच, वाट तीच, थकून वर येणारी माणसं तशीच.

राज्यं मात्र बदलत होती. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात यानं इथल्या भिक्षूंना एक गाव दिलं, तसा लेख आहे. पुढे सातवाहनांनी हा मुलूख घेतला. मग गावाचं काय? त्यांनी आपल्या नावानं पुन्हा हुकूम काढला, आणि तो मामाड इथल्या अमात्याला उद्देशून आहे. मामाड म्हणजेच मावळ, असं अभ्यासक मानतात. अॅडमिन बदलला, तर आधीच्या सगळ्या परवानग्या नव्या नावानं पुन्हा द्यायच्या. कारभार तेव्हाही असाच चालायचा.

आणि ही लिपी वाचता कशी आली, तेही ऐका. शेकडो वर्षं कुणालाच ब्राह्मी येत नव्हती. १८३७ मध्ये कलकत्त्यात जेम्स प्रिन्सेप सांचीच्या छोट्या छोट्या लेखांच्या नकला बघत होता. त्याच्या लक्षात आलं की जवळजवळ प्रत्येक लेखाच्या शेवटी तीच दोन अक्षरं आहेत. देवळात लोक छोट्या गोष्टी देतात आणि त्यावर लिहितात काय? अमक्याचं दान. म्हणजे शेवटचा शब्द 'दानं' असणार. बस, द आणि न हाती लागले आणि कुलूप उघडलं. सम्राट अशोकाचे मोठे लेख वाचता आले ते या साध्या माणसांच्या एकेका ओळीच्या दानामुळे.

हे सगळं मी आजीला सांगितलं. मला वाटलं कंटाळली असेल. ती खांबाकडे बघत म्हणाली, "म्हणजे आपल्या बाकड्यासारखंच की."

आमच्या गावी मारुतीच्या देवळासमोर सिमेंटचं एक बाकडं आहे. त्यावर 'कै.' लिहून आजोबांचं नाव आणि खाली 'यांच्या स्मरणार्थ'. आजीनं स्वतःच्या साठवलेल्या पैशांतून ते बसवलं. मी लहानपणापासून त्यावर बसलोय आणि ते कधी इतिहास वाटलं नाही. मी पुस्तकं वाचून जिथं पोचलो, तिथं ती एका वाक्यात पोचली.

इथं भाग संपवता आला असता. पण एक गोष्ट सांगायची राहिलीये, आणि ती सांगण्यासाठीच खरं तर हा भाग केला.

चैत्याच्या शेजारच्या विहारांपैकी एकात आम्ही गेलो. भाचा भिंतीवरची नावं मोठ्यानं वाचत होता. बदाम, बाण, नावं, सालं. "मामा, हे बघ, तुझं आडनाव!"

माझंच होतं. आद्याक्षर, आडनाव आणि २००९. सातवीत शाळेच्या सहलीला आलो होतो तेव्हा कंपासपेटीतल्या कर्कटकानं कोरलेलं. मला ते आठवत होतं, पण आतापर्यंत गेलं असेल अशी आशा होती. दगडावरचं जात नाही. सिहधयचं गेलं नाही, तर माझं कसं जाईल?

क्षणभर वाटलं, म्हणावं की आडनावबंधू असेल कुणीतरी. भाचा आठ वर्षांचा आहे, पटलं असतं त्याला. पण अर्धा तास मी त्याला नावांचं महत्त्व सांगत होतो. म्हटलं, "माझंच आहे. मीच केलं होतं."

ताई हसली. बाबा दुसरीकडे बघायला लागले. आजीनं विचारलं, "आणि दिलंस काय?"

"म्हणजे?"

"त्यांनी खांब दिला, मग नाव लिहिलं. तू काय दिलंस?"

उत्तर नव्हतं. अजून नाही. कायद्याचं सांगायचं तर संरक्षित स्मारकाची अशी नासधूस हा गुन्हा आहे. १९५८ च्या कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली, आता दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण त्या दिवशी आजीचा प्रश्न मला त्याहून जड गेला.

संध्याकाळी कबूल केल्याप्रमाणे वॅक्स म्युझियमला गेलो. भाच्यानं मनसोक्त फोटो काढले. त्याला मी मादाम तुसाँची गोष्ट सांगितली. मारी तुसाँ फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात पॅरिसमध्ये होती, तिथं मेणाचे मुखवटे करायची, आणि १८३५ मध्ये लंडनच्या बेकर स्ट्रीटवर तिनं कायमचं प्रदर्शन मांडलं. मेणाच्या पुतळ्यात चेहरा हुबेहूब असतो, आणि माणूस आधीच प्रसिद्ध असावा लागतो. कार्ल्याला उलटं. त्या सुताराचा चेहरा कुणालाच माहीत नाही, पण त्याचं नाव आणि काम अजून जागेवर आहे. भाचा म्हणाला, "मग त्याचा पण पुतळा करायला पाहिजे." चिक्की खात खात तो गाडीत झोपून गेला.

मी काय देणार, हे ठरवलंय. कार्ल्याच्या लेखांतल्या दात्यांची नावं, गावं आणि व्यवसाय मराठीत, साध्या भाषेत, एकेक करून या भागांमध्ये वाचणार. महिन्याला एक माणूस. पुढच्या भागात सुरुवात सामी सुतारापासून.

तोपर्यंत तुम्ही कार्ल्याला गेलात, तर देवीची ओटी भरा, खांब वाचा आणि कंपासपेटी घरी ठेवा. भेटू.