हैदराबादचा द्राक्षपट्टा : थेव्हेनोच्या नोंदीपासून अनाब-ए-शाहीपर्यंत

वाईन म्हटलं की आज नाशिकचं नाव पुढे येतं. पण दख्खनमधल्या द्राक्षांच्या आणि वाईनच्या जुन्या नोंदींत गोलकोंड्याचं, म्हणजे आजच्या हैदराबाद परिसराचं नाव आहे. तो द्राक्षपट्टा आता जवळपास शहराच्या पोटात गेला आहे.

जुन्या नोंदी

फ्रेंच प्रवासी झां द थेव्हेनो १६६६-६७ मध्ये भारतात होता. तेव्हा गोलकोंड्यावर अब्दुल्ला कुतुबशहाचं राज्य होतं. इथे द्राक्षवेली भरपूर आहेत, द्राक्षं जानेवारीपासून पिकतात, काही बागांची तोडणी एप्रिलपर्यंत चालते आणि त्यांची पांढरी वाईन करतात, असं त्याने लिहून ठेवलं. तोडणीनंतर वेल छाटतात आणि उन्हाळ्याच्या मध्यावर तिला पुन्हा येणाऱ्या फळांचा आंबट रस काढतात, हीसुद्धा त्याचीच नोंद.

त्याआधी १४ व्या शतकात इब्न बतूताने दौलताबादला द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा येतात, असं नोंदवलं होतं. दोन्ही नोंदींचं कारण एकच. फ्रान्समध्ये थंडीत वेल झोपी जाते, दख्खनमध्ये ती झोपतच नाही. म्हणून आपल्याकडं आजही एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळ छाटणी, अशा दोन छाटण्या घेऊन मुख्य पीक उन्हाळ्याच्या तोंडावर आणतात.

अनाब-ए-शाही

हैदराबादची खरी ओळख ठरली ती ही जात. अरबीत 'इनब' म्हणजे द्राक्ष. अनाब-ए-शाही म्हणजे शाही द्राक्ष. १९ व्या शतकाच्या अखेरीस ती इथे आणण्याचा मान अब्दुल बाकर खान यांना दिला जातो. मोठा घड, लांबट टपोरे मणी, पिकल्यावर पिवळसर झाक आणि आत बिया. मांडवावर ती भरघोस उत्पन्न देते, मात्र केवडा रोगाला लवकर बळी पडते. इथून ती कर्नाटक, तमिळनाडू आणि महाराष्ट्रात पसरली. बंगळुरूकडची 'दिलखुश' ही तिच्यातूनच निवडलेली जात.

मग वाईनचं काय?

अनाब-ए-शाही ही मुळात खाण्याची द्राक्षं. त्यांच्या रसात साखर साधारण १४ ते १६ टक्के भरते. आंबवताना त्या साखरेचं जेमतेम निम्मं अल्कोहोल होतं, म्हणजे ८ टक्क्यांच्या आसपास. टिकाऊ वाईनला रसात २० टक्क्यांच्या वर साखर लागते. ती नसेल तर वरून साखर किंवा मद्यार्क घालावा लागतो. २० व्या शतकाच्या उत्तरार्धात 'गोलकोंडा' नावाची गोडसर लाल वाईन बाजारात होती. नाव राहिलं, पण गोलकोंड्याच्या मातीतल्या द्राक्षांची वेगळी वाईन अशी परंपरा काही उभी राहिली नाही.

बागा कुठे गेल्या?

मेडचल, शामीरपेठ, शमशाबाद, राजेंद्रनगर या भागांत एकेकाळी मांडवच मांडव असत. मग थॉम्पसनसारखी बिनबियांची द्राक्षं बाजारात आली, मजुरी आणि फवारणीचा खर्च वाढला. त्यात २००८ मध्ये शमशाबादला विमानतळ सुरू झाला, बाह्यवळण रस्ता आला. जमिनीला प्लॉटचा भाव मिळू लागल्यावर मांडव उतरले. राजेंद्रनगरला द्राक्ष संशोधन केंद्र मात्र आहे.

फ्रान्समधला छोटा गाव

असंच संकट फ्रान्समध्ये लियॉनच्या दक्षिणेला, ऱ्होन नदीकाठच्या काँद्रिय या गावावरही आलं होतं. तिथे व्हिओन्ये या एकाच जातीची पांढरी वाईन होते. उभ्या चढावरची शेती परवडेना, लोक कारखान्यांत आणि फळबागांत गेले. १९६० च्या दशकात बागा १० हेक्टरांच्या आसपास उरल्या. पण १९४० पासून 'काँद्रिय' हे नाव कायद्याने त्या गावशिवाराशी बांधलेलं होतं. दुसऱ्या कुणाला ते वापरता येत नव्हतं. पुढे मागणी वाढली तेव्हा तिचा फायदा त्याच उतारांना झाला. आज तिथे २०० हेक्टरांच्या जवळपास बागा आहेत.

भारतात 'नाशिक व्हॅली वाईन' आणि 'बंगळुरू ब्लू' द्राक्षाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. अनाब-ए-शाही मात्र गाव सोडून सगळीकडे गेली. आता नाव हैदराबादचं आणि बागा दुसरीकडे, अशी तिची गत आहे. मानांकनामुळे जमिनीचा भाव कमी होत नाही. पण बाग मोडायच्या आधी नाव मातीशी बांधलेलं असलं, तर परत लावायला कारण उरतं.