नोंदवहीत नसलेला रुग्ण

पुणे जिल्ह्यात ‘येरवडा’ म्हटले की दोन गोष्टी आठवतात, तुरुंग आणि मनोरुग्णालय. हा शेजार कायद्यातही होता. 1912 च्या इंडियन ल्युनसी अ‍ॅक्टप्रमाणे मॅजिस्ट्रेटने हुकूम काढायचा, डॉक्टरने दाखला द्यायचा आणि माणूस आत जायचा. इंदापूर तालुक्यातल्या नीराकाठच्या निरवांगीहून मनोरुग्णालयाची भिंत शंभर किलोमीटरच्याही पलीकडे. त्या अंतराने रुग्णाचे हाल झाले हे सगळेच सांगतात. डॉक्टरचे शिक्षणही त्यानेच अपुरे ठेवले, असे माझे म्हणणे आहे. भिंतीआड शिकणाऱ्याला दुखणे विकोपाला गेल्यावर आणून सोडलेला माणूस भेटला. रोज बुडेल म्हणून उसाच्या फडातून न उठलेली बाई, देवऋषाकडे खेटे घालणारे घर त्याला भेटलेच नाही. वाट बदलू लागली होती. 1938 मध्ये डॉ. के. आर. मसाणी यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात मानसोपचार विभाग सुरू केला आणि हा आजार इतर आजारांच्या रांगेत आला. देशाच्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या 1946 च्या भोर समितीला 40 कोटी लोकांसाठी मनोरुग्णांच्या जेमतेम 10,000 खाटा आढळल्या. तिच्या शिफारशीतून 1954 मध्ये बंगळूरला प्रशिक्षणाची संस्था उभी राहिली, तीच पुढची ‘निम्हान्स’.

हे अपुरेपण भरायचे तर डॉक्टरला संशोधन करायला आणि रुग्णाच्या हक्कांची बाजू घ्यायलाही शिकवायला हवे. तज्ज्ञच थोडे, मग त्यांनी ओपीडी सोडून संशोधन कशाला करावे, हा आक्षेप वजनदार आहे. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीतल्या 12 राज्यांपैकी केरळ वगळता कुठेच लाखामागे एक मानसोपचारतज्ज्ञही भरला नाही. पण त्या राज्यांत महाराष्ट्र नव्हता. आपल्या गावांचे मोजमाप आपल्यालाच करायचे आहे. गोव्यातल्या ‘मानस’ अभ्यासाने 2010 मध्ये दाखवले, की थोडे प्रशिक्षण घेतलेले समुपदेशक सरकारी दवाखान्यांत नैराश्याच्या रुग्णांना बरे व्हायला मदत करतात. खासगी दवाखान्यांत तसा फरक दिसला नाही. मनुष्यबळ कुठे लावावे, हे अशा मोजणीशिवाय कळत नाही.

दुसरा आक्षेप, हक्कांसाठी भांडणे हे डॉक्टरचे काम नव्हे. पण 1912 पासून त्याच्याच सहीने माणसाचे स्वातंत्र्य जात होते. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार हा हक्क ठरवला. आता ती सही रुग्णाच्या बाजूने वापरायला शिकवायला नको का? सुरुवात जवळूनच करता येईल. बारामतीत 2019 पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. मानसोपचारात एमडी करणाऱ्या विद्यार्थ्याला आज तीन महिने जिल्हा पातळीवर काम करावे लागते आणि प्रबंधही लिहावा लागतो. त्याने प्रबंधाचा विषय ओपीडीच्या नोंदवहीतूनच घ्यावा: इंदापूर तालुक्यातून एकदा आलेले किती जण दुसऱ्या तारखेला आले नाहीत, आणि त्यांना गोळ्यांच्या त्रासाने थांबवले, एसटीच्या भाड्याने, की गावात नाव खराब होण्याच्या भीतीने.