डायना एडुलजी आणि रेल्वेची नोकरी

आपल्या देशांत क्रिकेट खेळणाऱ्या पुरुषांना संस्थानिकांचा व कारखानदारांचा आश्रय लाभला. परंतु स्त्रीनें खेळाच्या बळावर चरितार्थ चालवावा, ही कल्पना समाजाला फार काळ रुचली नाहीं. अमेरिकेंत टोनी स्टोन या कृष्णवर्णीय स्त्रीनें १९५३ सालीं पुरुषांच्या व्यावसायिक बेसबॉल संघांतून खेळून वेतन मिळविलें. भारतांत स्त्री-क्रिकेटपटूला वेतन मिळालें तें रेल्वेकडून. आणि त्या कामीं डायना एडुलजी यांचा पुढाकार मोठा होता.

डायनाबाईंचा जन्म २६ जानेवारी १९५६ रोजीं मुंबईंत एका पारशी कुटुंबांत झाला. लहानपणीं टेनिसच्या चेंडूनें खेळतां खेळतां त्या डावखुऱ्या फिरकी गोलंदाज झाल्या. पुढें एकदां चेंडू लागून त्यांचे समोरचे चार दांत गेले, तरी खेळ सुटला नाहीं. महिला क्रिकेटची अखिल भारतीय संघटना १९७३ सालीं स्थापन झाली, आणि १९७६ सालीं वेस्ट इंडीजविरुद्ध झालेल्या पहिल्या कसोटी मालिकेंत त्यांची निवड झाली. १९७८ च्या विश्वचषकांत त्या कर्णधार होत्या.

मान मोठा होता, पण प्राप्ति कांहींच नव्हती. आरक्षणावांचून प्रवास करावा, सामाईक खोल्यांत पथारी पसरावी, आणि शिक्षण संपतांच नोकरी वा विवाह यांपायीं बॅट खालीं ठेवावी, असा अनेकींचा क्रम होता. चर्चगेटहून भाईंदर-विरारकडे धावणाऱ्या पश्चिम रेल्वेंत डायनाबाई स्वतः नोकरीस होत्या. दरमहा पगार व सामन्यांसाठीं रजा यांचें मोल त्यांनीं अनुभवानें जाणलें होतें. म्हणून माधवराव शिंदे हे रेल्वे राज्यमंत्री असतांना त्यांनीं इतर मुलींसाठीं रदबदली केली. खेळाडू मुलींना नोकऱ्या मिळूं लागल्या, आणि रेल्वेचा महिला संघ देशांत बलाढ्य झाला.

१९८६ च्या इंग्लंड दौऱ्यांत लॉर्ड्सच्या पॅव्हिलियनमध्यें डायनाबाईंना प्रवेश नाकारण्यांत आला. तेथील क्लबानें स्त्रियांना सभासदत्व दिलें तें १९९८ सालीं! १९९३ पर्यंत खेळून त्यांनीं २० कसोटींत ६३, आणि ३४ एकदिवसीय सामन्यांत ४६ बळी मिळविले. पुढें त्या रेल्वेंत क्रीडाधिकारी झाल्या. २००२ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली.

भारतीय क्रिकेट मंडळानें २०२२ सालीं स्त्री-पुरुषांना समान सामना-मानधन जाहीर केलें, आणि २०२५ सालीं भारतीय महिलांनीं नवी मुंबईंत विश्वचषक जिंकला. त्या जयघोषांत रेल्वेच्या जुन्या पगारपत्रकाचें स्मरण कोणास झालें नसेल. पण खेळाडू स्त्रीच्या श्रमाचा पहिला मोबदला त्यावरच नोंदला गेला होता.