आगगाडी-प्रतिकृती : ॲनालॉगकडून डिजिटल नियंत्रणाकडे

विजेवर चालणाऱ्या आगगाडी-प्रतिकृतींचा वेग, दिशा, दिवे आणि आवाज रुळांतूनच पाठवलेल्या सांकेतिक आज्ञांनी ताब्यात ठेवण्याच्या पद्धतीला डिजिटल नियंत्रण म्हणतात. तिचे सर्वाधिक रूढ रूप ‘डिजिटल कमांड कंट्रोल’ किंवा डीसीसी या नावाने ओळखले जाते. जुन्या ॲनालॉग पद्धतीत रुळाला किती वीज द्यायची ते ठरवले जाते आणि त्या रुळावरचे प्रत्येक इंजिन मिळेल त्या विजेवर धावते. डीसीसीत रुळांत वीज सदैव पुरेपूर असते. तिच्यातली किती मोटरला द्यायची हे इंजिनाच्या पोटातला डिकोडर ठरवतो. म्हणजे नियंत्रण रुळाकडून इंजिनाकडे जाते. लहानपणी जमवलेली गाडी शिक्षण-संसाराच्या धबडग्यात माळ्यावर जाते आणि पुष्कळ वर्षांनी, बहुधा निवृत्तीच्या सुमारास, खाली काढली जाते. ब्रिटन, जर्मनी, अमेरिका या देशांत या छंदाकडे असे परतणारे बरेच जण आहेत, आणि जुने सामान ठेवायचे की सगळे नव्याने घ्यायचे हा त्यांच्यापुढचा पहिला प्रश्न असतो.

ॲनालॉग पद्धत : दोन रुळांना सुमारे १२ व्होल्टपर्यंत एकदिश वीज दिली जाते. दाब वाढवला की वेग वाढतो, धन-ऋण टोके उलटवली की गाडी मागे जाते. एका गाडीसाठी ही रचना इतकी सोपी आहे की पाचसहा वर्षांच्या मुलालाही ती पाच मिनिटांत कळते. अडचण दुसरे इंजिन रुळावर ठेवल्यावर येते, कारण दोन्ही इंजिने एकदम निघतात आणि एकदम थांबतात. त्यावर उपाय म्हणून रूळमार्गाचे एकमेकांपासून विलग केलेले टप्पे पाडत आणि प्रत्येक टप्पा खटक्याने या किंवा त्या नियंत्रकाला जोडत. मोठ्या मांडणीत खटक्यांचा फळा भिंतभर होई, आणि गाडीकडे पाहण्याऐवजी चालकाची नजर फळ्यावरच खिळून राही. शिवाय गाडी थांबली की दिवेही विझत. स्थानकात उभ्या गाडीचे दिवे जळत राहणे ही साधी गोष्ट, पण ॲनालॉगमध्ये ती जास्तीच्या खटाटोपाशिवाय साधत नसे.

पूर्वेतिहास : एकाच रुळावरच्या गाड्यांना वेगवेगळ्या आज्ञा देण्याचे प्रयत्न जुने आहेत. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीची १९६०च्या दशकातली ‘ॲस्ट्रॅक’ ही प्रणाली पाच गाड्या स्वतंत्रपणे चालवू शकत असे. ब्रिटनच्या हॉर्नबी कंपनीने १९७९मध्ये सोळा इंजिनांची सोय असलेली ‘झीरो वन’ प्रणाली बाजारात आणली. ती काळाच्या पुढे होती, पण तिचे डिकोडर आकाराने मोठे होते आणि मळक्या रुळांवर ती भरवशाने चालत नसे. जर्मनीच्या ग्योपिंगेन येथील मार्कलिन कंपनीने १९८०च्या दशकाच्या मध्याला मोटोरोला कंपनीच्या चिपवर आधारलेली, ऐंशी पत्त्यांची डिजिटल प्रणाली आणली. यांतली कोणतीही प्रणाली दुसरीशी जुळत नव्हती. ही कोंडी अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने फोडली. १९३५मध्ये स्थापन झालेल्या या छांदिष्टांच्या संघटनेने उपलब्ध प्रणाली तपासून जर्मनीच्या लेंझ कंपनीची संकेतपद्धती पायाला घेतली आणि १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत तिची खुली मानके ठरवली. एका कंपनीचा नियंत्रक आणि दुसऱ्या कंपनीचा डिकोडर आज बिनघोर एकत्र चालतात, याचे श्रेय उत्पादकांपेक्षा या संघटनेला अधिक आहे.

संकेताची रचना : डीसीसीत रुळांवर धन-ऋण टोके सतत अदलाबदल होणारी चौकोनी लहर असते. ‘एक’ या बिटाचा प्रत्येक अर्धा भाग ५८ मायक्रोसेकंदांचा, तर ‘शून्य’ या बिटाचा किमान १०० मायक्रोसेकंदांचा असतो. लहरीच्या या आखूड-लांब ठोक्यांतून संदेश तयार होतो. आरंभी ‘एक’ बिटांची माळ, मग इंजिनाचा पत्ता, मग आज्ञा, आणि शेवटी आधीच्या बाइटांवरून काढलेला पडताळणीचा बाइट. पडताळा जुळला नाही तर डिकोडर तो संदेश सोडून देतो. वर्गात हजेरी घेताना सगळी मुले सगळे क्रमांक ऐकतात, पण ‘हजर’ आपल्याच क्रमांकाला म्हणतात; तसेच रुळावरचे सर्व डिकोडर सर्व संदेश ऐकतात आणि आपल्याच पत्त्याचा तेवढा पाळतात. सेकंदाला शंभराहून अधिक संदेश जातात, त्यामुळे एखाददुसरा धुळीत हरवला तरी गाडी अडत नाही. तीच लहर डिकोडर एकदिश विजेत बदलतो आणि मोटरला तुकड्यातुकड्यांनी देतो. चांगले डिकोडर मधूनमधून क्षणभर वीज तोडून मोटरने स्वतः निर्माण केलेला उलट दाब मोजतात. त्यावरून खरा वेग कळतो आणि चढावर किंवा वळणावर वीज आपोआप वाढते. जुने, अडखळत चालणारे इंजिन डिकोडर बसवल्यावर संथपणे सरकू लागते ते यामुळे.

जुन्या इंजिनात डिकोडर बसवणे : अलीकडच्या बहुतेक इंजिनांत यासाठी तयार सॉकेट असते. एचओ म्हणजे १:८७ आणि ब्रिटिश ओओ म्हणजे १:७६ प्रमाणाच्या इंजिनांत ते बहुधा आठ किंवा एकवीस पिनांचे, तर ९ मिलिमीटर रूळरुंदीच्या एन मापात सहा पिनांचे असते. खरे काम आहे ते सॉकेट नसलेल्या इंजिनांत. तिथे मूलभूत नियम एकच : मोटरच्या दोन्ही कार्बन ब्रशांचा रुळाशी किंवा इंजिनाच्या सांगाड्याशी थेट संबंध राहता कामा नये. वीज रुळाकडून डिकोडरकडे आणि डिकोडरकडूनच मोटरकडे गेली पाहिजे. एका ब्रशाचा जरी सांगाड्याशी स्पर्श राहिला तरी डिकोडर बहुधा पहिल्याच क्षणी जळतो.

ब्रिटनच्या ट्राय-अँग कंपनीची एक्स-०४ ही मोटर याचे उत्तम उदाहरण आहे. पुढे हॉर्नबीच्या इंजिनांतही दिसणारी ही उघड्या चौकटीची मोटर १९५०च्या दशकापासून अनेकांच्या बालपणीच्या इंजिनांत होती. तिच्यात तारेची एकच स्प्रिंग दोन्ही बाजूंनी ब्रश दाबून धरते. स्प्रिंगच्या एका पायावर विद्युतरोधक नळी असते आणि दुसरा पाय उघडा असतो, म्हणजे एक ब्रश स्प्रिंगवाटे चौकटीला जोडलेला असतो. डीसीसीसाठी दुसऱ्या पायावरही तशीच बारीक नळी चढवायची, त्या ब्रशाला स्वतंत्र तार सोल्डर करायची आणि मल्टिमीटरने दोन्ही ब्रश चौकटीपासून तुटले आहेत की नाही ते पाहायचे. खर्च नगण्य, पण हात स्थिर हवा आणि घाई नको. सर्वच जुन्या मोटरी इतक्या सहज वळत नाहीत. काहींत ब्रशाची बैठक सांगाड्याच्याच ओतकामात असते, तिथे मोटर बदलणे श्रेयस्कर.

डिकोडर घेण्याआधी मोटर किती प्रवाह घेते ते मोजावे. १२ व्होल्टवर चाके क्षणभर रोखून धरली असता दिसणारा आकडा डिकोडरच्या क्षमतेत बसला पाहिजे. एचओ मापाचे डिकोडर साधारणपणे एक अँपिअरच्या आसपासचे असतात, आणि चुंबक क्षीण झालेली जुनी मोटर याहून जास्त ओढू शकते. अशा वेळी चुंबक आणि ब्रश बदलावेत, कॉम्युटेटर स्वच्छ करावा, मगच डिकोडर घ्यावा. तारांचे रंग मानकानुसार ठरलेले आहेत. तांबडी उजव्या रुळाची, काळी डाव्या रुळाची, नारिंगी आणि करडी मोटरच्या, पांढरी पुढच्या दिव्याची, पिवळी मागच्या दिव्याची, निळी दिव्यांची सामाईक. जुन्या मोटरवर रेडिओतली खरखर टाळण्यासाठी बसवलेला कपॅसिटर उलट दाबाच्या मोजणीत अडथळा आणतो, म्हणून तो बहुधा काढून टाकतात.

पहिली चाचणी मुख्य मार्गावर घेऊ नये. प्रोग्रॅमिंगसाठी वेगळा ठेवलेला रुळाचा तुकडा मोजकाच प्रवाह देतो, त्यामुळे जोडणीतली चूक डिकोडरच्या जिवावर बेतत नाही. कारखान्यातून डिकोडर ३ या पत्त्यावर येतो. सीव्ही नावाच्या क्रमांकित नोंदींत त्याच्या सवयी साठवलेल्या असतात : १ मध्ये पत्ता, २ मध्ये सुरुवातीचा दाब, ३ आणि ४ मध्ये वेग चढण्या-उतरण्याची सावकाशी, ५ मध्ये कमाल वेग. २९वी नोंद अनेक गोष्टी एकत्र ठरवते. तिच्यात ६ असेल तर इंजिन ॲनालॉग रुळावरही चालते, २ लिहिले तर फक्त डिजिटलवर. गाडी नियंत्रकाला न जुमानता सुसाट सुटण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे डिकोडरने बिघडलेला संकेत ॲनालॉग वीज समजून घेणे. म्हणून पूर्ण डिजिटल मांडणीवर ती परवानगी काढून घेणे शहाणपणाचे.

रूळ आणि जोडण्या : ‘डीसीसीला दोन तारा पुरतात’ ही जाहिरात लहान वर्तुळापुरती खरी आहे. मोठ्या मांडणीत फळीखालून दीडेक चौरस मिलिमीटरच्या दोन जाड तारा फिरवतात आणि रुळाच्या शक्य तितक्या तुकड्यांना त्यांच्याशी बारीक तारांनी जोडतात, कारण रुळांचे सांधपट्टे कालांतराने सैल पडतात. पुढे नाणे-चाचणी घेतात. मांडणीत कोठेही दोन रुळांवर धातूचे नाणे टेकवले की नियंत्रकाने ताबडतोब वीज तोडली पाहिजे. तोडली नाही तर त्या ठिकाणी तारा अपुऱ्या आहेत. ही चाचणी टाळू नये. पाच अँपिअरचा प्रवाह वाहतच राहिला तर घसरलेल्या बोगीचे प्लास्टिक वितळू शकते. जुने पोलादी रूळ गंजतात. जर्मन सिल्व्हरचे रूळ घेणे हा या सगळ्या खटपटीतला सर्वांत सार्थकी लागणारा खर्च आहे. मार्ग उलट फिरून स्वतःलाच मिळत असेल तर दोन्ही पद्धतींत शॉर्ट सर्किट होते. मात्र डीसीसीत धावत्या गाडीखाली त्या तुकड्याची टोके आपोआप उलटवणारे उपकरण लावता येते.

मार्कलिनच्या जुन्या गाड्यांची गोष्ट निराळी. त्या प्रत्यावर्ती विजेवर चालतात, मधला संपर्क तिसऱ्या रुळासारखा वापरतात आणि सुमारे २४ व्होल्टचा झटका दिल्यावर दिशा बदलतात. तिथे दिशा बदलणारा रिले काढून डिकोडर आणि मोटरच्या गुंडाळीच्या जागी कायमचुंबक बसवतात. २२० व्होल्टच्या काळातले निळे ट्रान्सफॉर्मर आजच्या २३० व्होल्टवर आणखी चढा झटका देतात. डिजिटल इंजिन त्यांच्यावर चालवू नये.

संक्रमणकाळ : सगळा संग्रह एकदम बदलण्याची गरज नसते. अनेक जण जुना नियंत्रक ठेवतात आणि एका दुध्रुवी खटक्याने संपूर्ण मांडणी कधी याला, कधी त्याला जोडतात. एक भाग ॲनालॉग आणि शेजारचा डिजिटल ठेवणे मात्र घातक आहे, कारण सांध्यावरून जाणाऱ्या इंजिनाची चाके दोन्ही पुरवठे एकमेकांना जोडतात. काही प्रणालींत शून्य पत्त्यावर डिकोडरविना इंजिन चालवता येते, पण ते उभे असतानाही गुणगुणत तापते, आणि कोअरलेस मोटर त्यात जळते. दुर्मीळ, मूळ स्थितीतल्या इंजिनाला हातच लावू नये. ते ॲनालॉगच राहावे.

संगणकाने मांडणी चालवण्यासाठीची जेएमआरआय ही मुक्त आज्ञावली छांदिष्टांनीच घडवली. तिच्यावरून उद्भवलेल्या जेकबसन विरुद्ध कॅट्झर या खटल्यात अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयाने २००८मध्ये निर्णय दिला की मुक्त परवान्याच्या अटी मोडणे हा प्रताधिकाराचा भंग ठरू शकतो. मुक्त सॉफ्टवेअरच्या कायद्यात हा निर्णय आजही आधारभूत मानला जातो.

भारतीय ब्रॉडगेजची रुंदी १६७६ मिलिमीटर असल्याने १:८७ प्रमाणात तिला सुमारे १९.३ मिलिमीटरचा रूळ लागेल, आणि एचओचा रूळ १६.५ मिलिमीटरचा आहे. त्यामुळे आपल्या गाड्यांची प्रतिकृती करणाऱ्याला डब्याचे माप किंवा रुळाचे माप यांपैकी एकाशी तडजोड करावी लागते. डिकोडर मात्र दोन्हींत तोच चालतो. चालती मोठी मांडणी पाहायची असेल त्याने पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वे संग्रहालय पाहावे.