चूक झाली कुठे, सापडली कुठे?

नाशिकला १९८९ साली यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, ते दूरस्थ शिक्षणासाठी. घरी बसून संगणकाची भाषा शिकणाऱ्याची आज्ञावली रात्री अडली, तर त्याला उत्तर देणारा एकच असतो : कंपायलर, म्हणजे आज्ञावलीचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा भाषांतरकार. त्याचा संदेश कळला नाही, तर विद्यार्थी पुस्तक मिटतो.

कंपायलर प्रत्येक माहितीचा प्रकार तपासतो. संख्येत नाव मिळवू पाहिले की तो थांबतो. ही चूक सोपी, कारण ती जिथे होते तिथेच सापडते. सर्वसाधारण, म्हणजे ‘जेनेरिक’ कृतींचे तसे नाही. ‘कोणत्याही वस्तू चढत्या क्रमाने लाव’ ही कृती एकदाच लिहिलेली असते. तिला आपण द्राक्षांच्या पेट्या दिल्या. पण क्रम वजनाने लावायचा की भावाने, हे सांगितलेच नाही. चूक आपल्या एका ओळीत आहे. कंपायलर मात्र अडतो तो त्या कृतीच्या पोटात, दुसऱ्याच कुणी लिहिलेल्या ओळीवर, आणि तिथलाच पत्ता देतो.

या अडचणीचा इतिहास जुना आहे. १९७८ साली एडिंबरो येथील रॉबिन मिल्नर यांनी सर्वसाधारण कृतींचे प्रकार कंपायलरने स्वतःच कसे ताडावेत, याचा सिद्धान्त मांडला. प्रकार लिहिण्याचे कष्ट वाचले. पण पहिल्या ओळीतली चूक दहाव्या ओळीवर उघडी पडू लागली. १९८६ मध्ये मिचेल वाँड यांनी उपाय सुचवला : प्रत्येक निष्कर्ष कोणत्या ओळीवरून काढला याची नोंद ठेवावी, आणि विसंगती आली की ती कारणे दाखवावीत. गणितात आपण उत्तराबरोबर पायऱ्याही मागतो, तसेच हे.

आपल्याकडेही याला लागून असलेले काम झाले. मुंबईच्या आयआयटीतील उदय खेडकर व धनंजय ढमढेरे यांनी केंब्रिजच्या अॅलन मायक्रॉफ्ट यांच्यासह २००३ साली प्रकार ताडण्याविषयी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. विषय चुकांच्या संदेशांचा नव्हता. मात्र माहितीचा प्रकार ती जिथे तयार होते तिथून पुढे कळतो, तसाच ती जिथे वापरली जाते तिथून मागेही कळतो, हा दुहेरी प्रवाह त्यात अभ्यासला आहे. चुकीचे मूळ शोधणाऱ्यालाही याच दोन्ही दिशांनी जावे लागते.

सी प्लस प्लस या भाषेत असे संदेश कित्येक पाने लांब होत. त्यावर ‘कन्सेप्ट’ ही सोय सुचली : कृतीनेच आपल्या अटी आधी जाहीर कराव्यात. २००९ मध्ये ती प्रमाण भाषेच्या मसुद्यातून वगळली गेली आणि नव्या रूपात २०२० च्या प्रमाणात आली. आता अट दारातच तपासता येते. ‘या वस्तूंची तुलना करता येत नाही’ असा संदेश आपल्याच ओळीच्या पत्त्यासह मिळू शकतो. तरीही एकात एक गुंतलेल्या अटींचे संदेश आजही लांबतात.

वर्गात एक प्रयोग करून पाहावा. चुकीची आज्ञावली आणि तिचा संदेश फळ्यावर लिहून मुलांना तीन गोष्टी विचाराव्यात : कंपायलर कुठे अडला? त्याची अपेक्षा काय होती? त्याला मिळाले काय? मग ‘चूक नेमकी कोणत्या ओळीत?’ हे मुलांनीच शोधावे आणि तो संदेश मराठीत नव्याने लिहावा.